लोखंडाला सोनेरी रंग

लग्न होऊन मी भंडाऱ्यात आले त्याच दिवशी सासूबाईंनी घराची रीत सांगितली. भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते ओसरीवर असले की डोक्यावर पदर ओढून मागच्या दाराने जायचं, आणि काही सांगायची वेळ आलीच तर सासूबाईंना सांगायचं. त्या ते पुढे पोचवत. माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असे, सगळं ऐकत असे, तरी सासूबाईंच्या तोंडून गेल्याशिवाय माझं वाक्य त्यांनी ऐकलं असं धरायचं नाही.

"तिले सांग, वरनात मीठ जास्त झालं."

"आयकलं का वं? मीठ जास्त झालं."

मी नागपूरला इतिहास घेऊन एम. ए. केलं होतं. पवनीकडच्या आमच्या गावातून वसतिगृहात राहून शिकलेली मी पहिलीच मुलगी. वडिलांची धानाची शेती, आणि मुलगी शिकली याचा त्यांना गर्व. माझ्या सासरी या शिक्षणाचा उल्लेख दोनच प्रसंगी व्हायचा. पोळी करपली की, आणि पाहुण्यांसमोर मिरवायचं असलं की.

घराला लागून भासऱ्यांचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. पुढे दुकान, मधे घर, मागच्या अंगणापलीकडे भट्टी. सासरे नव्हते. भासऱ्यांची बायको मी येण्याआधीच वारली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून लोक त्यांची कीव करत. मी कधी केली नाही. दुःखाने काही माणसं मऊ होतात, काही टणक होतात. ते टणक झाले आणि त्या टणकपणाचा दाब माझ्या नवऱ्यावर आला. माझा नवरा दुकानात बसायचा, "भाऊ म्हणते तसं" एवढंच म्हणायचा आणि मला एकांतात म्हणायचा, "जाऊ दे नं."

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. स्टीलच्या भांड्यांनी पितळेचं कंबरडं मोडायला सुरुवात केली होती. ज्या बायका लेकीच्या लग्नात आमच्याकडून गुंड-घागरी नेत, त्याच आता जुनी पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे घेत होत्या. भट्टी आठवड्यातून दोन-तीनदाच पेटू लागली. अशा वेळी मुंबईचा एक दलाल कोणाच्या तरी ओळखीने आमच्या ओसरीवर येऊन बसला. त्याने पिशवीतून रबरी साचे काढले आणि कापसात गुंडाळलेले काही शिशाचे सैनिक काढले. प्रत्येक सैनिक बोटाएवढा. रंग नाही, नुसतं करडं शिसं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. इंग्लंडात मोठी मोठी माणसं असले सैनिक कपाटात मांडून ठेवतात. साचा तो देणार, ओतकाम आम्ही करायचं, रंगवूनही द्यायचे. "पण गिऱ्हाईक वेडं आहे बघा," तो म्हणाला. "एका पट्ट्याचा रंग चुकला तरी माल परत. आणि हे सैन्य कुठलं, तर बायझंटाईन. दहावं शतक. मला विचारू नका ते काय असतं."

भासऱ्यांनी एक घोडेस्वार हातात घेऊन फिरवला. मग आतल्या दाराकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "तिले इचार. हिस्ट्री शिकली म्हन्ते नं."

मी दाराआडून सांगितलं की रोमचं राज्य पश्चिमेला बुडाल्यावर पूर्वेला, आजच्या तुर्कस्तानाकडे, कित्येक शतकं चाललं. कॉन्स्टॅन्टिनोपल ही त्याची राजधानी. त्याचं हे सैन्य. सासूबाईंनी यातलं काय पोचवलं देव जाणे. त्या म्हणाल्या, "तुर्कस्तानातले आहेत म्हन्ते."

"मंग हिरवे रंगवू," भासरे म्हणाले.

"ते ख्रिश्चन होते," मी जरा मोठ्याने म्हणाले. दलाल हसला. भासरे हसले नाहीत. त्या दिवसापासून आमचं वैर उघड झालं असं मी समजते. आधीही ते होतंच, पण त्याला धरायला काही नव्हतं.

रंग शोधायचं काम माझ्यावर आलं. मला माहीत होतं ते एवढंच की परीक्षेच्या पुस्तकात या राज्याला एक परिच्छेद होता, तोही दुसऱ्याच कोणाच्या लढायांच्या प्रकरणात. भंडाऱ्याच्या वाचनालयात त्यावर एक ओळही सापडली नाही. नागपूरला जायला हवं होतं. भासऱ्यांनी परवानगी दिली ती अशी: "जाऊ दे. पन मायले घेऊन जा म्हना. एकटी कायले फिरन लायब्रऱ्यांत?"

म्हणून एसटीने आम्ही दोघी नागपूरला गेलो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझा जुना परवाना चालेना. काउंटरवरच्या गृहस्थाने माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघून विचारलं, "लग्न झालं ना? मग आता कसली परीक्षा?" मी म्हटलं, परीक्षा नाही, काम आहे. "बायकांना कसलं काम असतं इथे?" मी माझ्या जुन्या प्राध्यापकांना विभागात जाऊन गाठलं, त्यांची चिठ्ठी आणली, तेव्हा त्याने पुस्तकं काढून दिली. दिली म्हणजे टेबलावर आपटली. घरी न्यायची नाहीत, इथेच बसून बघायची. सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि त्यांनी पानाचा डबा उघडला. शिपाई धावत आला. "मावशी, इथे पान नाही!" सासूबाई त्याला म्हणाल्या, "मंग सुनेले लवकर सोड." साऱ्या दालनातल्या पोरांनी माना वर केल्या.

अशा किती फेऱ्या झाल्या ते सांगता येणार नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतर सुरू झाल्या आणि उन्हाळ्यापर्यंत चालल्या. प्रत्येक फेरीसाठी भांडण. पण खरी अडचण माणसांची नव्हती. आकृत्या मिळत होत्या, रंग मिळत नव्हते. पुस्तकांतली चित्रं काळीपांढरी. त्यातून लिहिणारे इंग्रज-फ्रेंच विद्वान त्या लोकांवर चिडलेलेच. भित्रे, कपटी, सोन्यात लोळणारे, असं लिहायचे आणि सैन्याचं वर्णन दोन ओळींत उरकायचे. मी त्यांच्यावर चिडत होते. जे लोक एवढी शतकं टिकले ते नुसते लोळत असतील?

मग एका कलेच्या जाड ग्रंथात चर्चच्या भिंतींवरची रंगीत चित्रं सापडली. चिलखत घातलेले संत, हातात भाला, अंगावर निळं-तांबडं. मला वाटलं, सुटले. सगळं पेन्सिलीने उतरवून घेतलं. पण पुढच्या खेपेला दुसऱ्या पुस्तकात वाचलं की ते चित्रकार संतांना आपल्या काळातल्या सैनिकांचा वेष देत नसत, जुन्या रोमन पुतळ्यांसारखा देत. म्हणजे भिंतीवरच्या संतावर पूर्ण विश्वास ठेवला तर मी फसणार. आमच्याकडे कॅलेंडरवर देव छापतात, त्यांच्या दागिन्यांवरून कोणी आजचा सोनार ओळखू म्हटलं तर जमेल का? तसंच ते.

शेवटी हाताला लागलं ते त्यांच्याच सम्राटांनी लिहवून घेतलेल्या युद्धशिकवणुकीचं भाषांतर. त्यात थाटमाट नव्हता, काम होतं. एका तुकडीच्या ढाली एका रंगाच्या असाव्यात, म्हणजे धुळीत आपला माणूस ओळखू येतो. जड घोडेस्वारांच्या चिलखताला लोखंडाच्या पट्ट्या, एकीवर एक चढवलेल्या, कौलांसारख्या. तोंडावर कड्यांची जाळी, फक्त डोळे उघडे. घोड्यालाही कवच, पण ते बहुतेक नमद्याचं, म्हणजे दाबून थापलेल्या लोकरीचं, आणि गुरांच्या कातड्याचं. आणि ज्या गरीब शिपायाला लोखंड परवडत नाही त्याच्यासाठी कापूस नाहीतर जाडं रेशीम भरून दाट शिवलेला डगला.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. भरून, दाट टाके घालून शिवलेला! म्हणजे गोधडी. मला गोधडी शिवता येत होती. जुनी गोधडी मळली की टाक्यांच्या ओळींत काळोख कसा साचतो आणि मधला फुगवटा कसा उजळ राहतो हे मला कोणा विद्वानाने शिकवायची गरज नव्हती. मी सासूबाईंना खूण करून सांगितलं, "हे पाहा, हे लोक गोधडी घालून लढत." त्या म्हणाल्या, "उन्हात मेले असतीन." तेही पुस्तकात होतं.

हेही वाचलं की यातले कितीतरी साधे शेतकरी होते. जमिनीच्या बदल्यात घरातला एक माणूस आणि घोडा सैन्याला द्यायचा. राजवाड्यात मात्र भाऊ भावाचे डोळे काढत होता. राज्य कोणाचं यावरून नाही, कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार यावरून. घरी परतताना एसटीच्या खिडकीत बसून मी त्या राजवाड्यात आमच्या ओसरीवरची माणसं बसवून बघायचे. कोणाचे डोळे मी आधी काढले असते ते लिहायला नको.

रंगवायला मी दुपारी बसायचे, सगळे जेवून लवंडले की. नागपूरच्या सीताबर्डीवरून एनॅमल रंगाच्या छोट्या डब्या आणि सर्वांत बारीक ब्रश आणले होते. ओतकाम भासऱ्यांचं. इथे मला खरं ते सांगितलं पाहिजे: ओतकाम उत्तम होतं. त्या माणसाच्या हातात धातूची समज होती. घोड्याच्या कानाचं टोकदेखील साच्यात अडलेलं नसे. लोखंडासाठी मी आधी काळा हात देऊन त्यावर कोरड्या ब्रशने करडा नुसता घासायचे. नमद्याला मातकट तपकिरी. ढालींना तुकडीप्रमाणे एक रंग, कुठे तांबडा, कुठे निळसर. गोधडीच्या डगल्यांवर टाके.

भासरे येता-जाता बघायचे. "तिले सांग, हे मेल्यावानी दिसते. राजाचं सैन्य आहे का भिकाऱ्यायचं? सोनेरी मार म्हना."

"सांगा त्यांना, चिलखत लोखंडाचं होतं. सोन्याने तलवार अडत नाही."

"तिले सांग, माल मले विकाचा आहे, तिले नाही."

असं रोज चाले. सासूबाई मधे बसून दोन्हीकडची वाक्यं ने-आण करून थकल्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही दोघं सरळ भांडा वं बाप्पा, माहं तोंड दुखून राहिलं." पण रीत त्यांचीच होती आणि मोडायची हिंमतही त्यांना नव्हती.

मी नमुन्याचा संच पूर्ण केला. पायदळ, धनुर्धारी, सम्राटाचे उत्तरेकडून आणलेले कुऱ्हाडवाले गोरे पहारेकरी आणि मधोमध तो जड घोडेस्वार. एका लाकडी पाटावर मांडून फळीवर ठेवला. भासऱ्यांनी सांगून पाठवलं की दलाल आला की दाखवू. बाकी सगळा ओतलेला माल मी तसाच रंगवायचा, असं ठरलं होतं. मी काही दिवस माहेरी गेले, वडिलांना बरं नव्हतं. परत आले तर भासऱ्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला बसवून सगळा माल सोनेरी करून टाकला होता. चिलखत सोनेरी, ढाली सोनेरी, घोड्याचा नमदासुद्धा सोनेरी. वर लाल ओठ.

"काहून केलं असं?" मी नवऱ्याला विचारलं.

"भाऊ म्हने लवकर होते," तो म्हणाला. "जाऊ दे नं."

दलाल आला तेव्हा ओसरीवर ते सोनेरी सैन्य मांडलेलं होतं. मी दाराआड. त्याने एक उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "हे काय हो? हे तर दसऱ्याचे रावण दिसतात. हा कुठला अभ्यास?"

भासरे शांतपणे म्हणाले, "आमच्या सुनेनं सांगतले तेच रंग आहेत. नागपूरले जाऊन जाऊन शोधले तिनं. आता बाईची अक्कल, काय बोलाचं?"

मी फळीवरून पाट उचलला आणि ओसरीवर गेले. पदर डोक्यावर होता की नव्हता आठवत नाही. सासूबाईंकडे बघितलंच नाही. सरळ भासऱ्यांकडे बघून म्हटलं, "खोटं बोलता तुम्ही. हे रंग माझे नाहीत. माझे हे आहेत."

नवरा दुकानाकडे बघत उभा राहिला. दलालाने माझा घोडेस्वार घेऊन अंगणाच्या उजेडात धरला. मग एकेक विचारू लागला. घोडा असा मळकट का, तोंड झाकलं का, ढाली एकसारख्या का. मी सगळं सांगितलं, कशात वाचलं तेही सांगितलं. तो ऐकत होता आणि माझ्या आयुष्यात कोणा परक्या पुरुषाने माझं एवढं बोलणं न तोडता ऐकल्याचा तो पहिलाच प्रसंग. शेवटी तो भासऱ्यांना म्हणाला, "सगळं खरवडून यांच्यासारखं करा. मी पुढच्या महिन्यात येतो." आणि संध्याकाळच्या गाडीसाठी निघून गेला.

दिवस मावळायच्या आत भट्टीवरून धूर आला. त्या दिवशी भट्टी पेटवायचं काही कारण नव्हतं. मी मागच्या अंगणात गेले. भासरे शिसं वितळवायच्या मुशीसमोर बसले होते आणि माझा पाट त्यांच्या मांडीवर होता. एकेक सैनिक उचलून ते मुशीत सोडत होते. आधी भाले वितळले, मग घोड्याचे पाय. रंगाला फोड येऊन काळा, उग्र वास सुटला. गोधडीचे टाके क्षणभर दिसत राहिले आणि पृष्ठभाग आरशासारखा सपाट झाला.

त्यांनी मान वर केली. सासूबाई तिथे नव्हत्या. "तुले बोलाचं होतं नं माह्यासंगं?" ते म्हणाले. "बोल आता."

मी म्हटलं, "तुम्हीच ओतले, तुम्हीच वितळवले. मी काय बोलू? एवढंच सांगते, तुमच्या भट्टीला पुन्हा माझा हात लागणार नाही. आणि तुमच्या चुलीलाही नाही."

घरात आले. नवऱ्याने सगळं दारातून बघितलं होतं. तो म्हणाला, "शिसंच तं होतं." खरं सांगायचं तर भासऱ्यांपेक्षा मला त्या वाक्याची चीड जास्त आली, आणि ती आजही पूर्ण गेलेली नाही.

त्याच आठवड्यात मी खांब तलावाकडे एक खोली बघितली. वडिलांनी मदत केली. मुलींच्या एका शाळेत इतिहास शिकवायला जागा होती, ती मिळाली. नवऱ्याला म्हटलं, यायचं तर ये. तो दिवाळी उलटल्यावर ट्रंक घेऊन आला, दारात उभा राहिला आणि "येऊ का?" म्हणाला. मी ये म्हटलं. पण त्याची ट्रंक घ्यायला पुढे गेले नाही.

भासऱ्यांनी मग दुसरं शस्त्र काढलं. दलाल पुढच्या महिन्यात आला तो माझी खोली विचारत आला, आणि मुंबईत ओतून घेतलेला माल थेट माझ्याकडे पाठवू लागला, तेव्हा ते बाजारात बोलू लागले की सून रंगाच्या निमित्ताने परपुरुषाला घरी घेते. ते माझ्या शाळेपर्यंत पोचलं. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून चौकशी केली. मी काम दाखवायला त्यांना घरी नेलं. त्यांनी टेबलावरचे घोडे उचलून बघितले आणि चहा पिऊन गेल्या. मी मात्र त्या संध्याकाळी बाजारातून सरळ दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती. मी भासऱ्यांना म्हटलं, "माझ्याबद्दल जे बोलायचं ते आता, इथे, माझ्यासमोर बोला." ते तराजूत पितळ मोजत राहिले. एक वजन काढून दुसरं ठेवलं. त्यानंतर बाजारातलं बोलणं थांबलं, निदान माझ्या कानावर येणं थांबलं.

मी ते सैन्य आणखी कितीतरी वर्षं रंगवलं, ऐंशीचं दशक बरंच पुढे जाईपर्यंत. मग इंग्लंडच्या गिऱ्हाइकाने घेणं बंद केलं की तो मेला, दलालालाही नीट कळलं नाही. भासऱ्यांनी भट्टी बंद करून दुकानात स्टील ठेवलं.

नणंदेच्या मुलीचं लग्न तुमसरला झालं तेव्हा आम्ही सगळे एका मांडवात होतो. सासूबाई थकलेल्या, खुर्चीत बसलेल्या. नवऱ्या मुलाकडचे एक गृहस्थ मला विचारू लागले की तुम्ही सैनिक रंगवायच्या म्हणे, परदेशात जायचे म्हणे. मी तोंड उघडायच्या आत भासरे बाजूने म्हणाले, "आमच्याच कारखान्यातलं काम ते. आम्हीच शिकवलं इले."

ते गृहस्थ कौतुकाने त्यांच्याकडे वळले. मी म्हटलं, "ओतकाम यांचं होतं. ते चांगलं होतं. बाकीचं यांनी भट्टीत घातलं."

भासऱ्यांचा चेहरा पडला. गृहस्थ कसनुसे हसले. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या मांडवात तरी नोको वं." मी त्यांना म्हटलं, "मी नाही सुरू केलं." मग वाढप सुरू झालं. भासरे पहिल्या पंगतीला बसले, मी दुसऱ्या. जेवण चांगलं होतं. मी पोटभर जेवले.